सोफ्यावरचा दिवाळसण

नागपूर बघायला म्हणून दिवाळीत कुणी जात नाही. मीही गेलो नव्हतो, मला बोलावणं आलं होतं. लग्न मे महिन्यात झालं, म्हणजे पहिली दिवाळी बायकोच्या माहेरी, जावयाचा दिवाळसण. आमच्या कुडाळकडे जावई सासरी जातो, पोटभर जेवतो आणि संध्याकाळच्या एसटीने परत येतो. माझ्या सासरचा हिशेब वेगळा निघाला. तिथे जावई धनतेरसेला येतो आणि भाऊबीज झाल्याशिवाय सुटत नाही.

जे कधी नागपूरला जावई म्हणून गेले नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. झिरो माईल, दीक्षाभूमी, तलाव यांची माहिती कुठेही मिळेल. मी नागपुरात सगळ्यात जास्त वेळ जे स्थळ पाहिलं ते म्हणजे मनीषनगरातल्या एका फ्लॅटच्या हॉलमधला तपकिरी सोफा. त्याचा खिडकीकडचा कोपरा जरा खचलेला आहे. मी आल्यावर तो आणखी खचला.

पण आधी एक गोष्ट सांगायला हवी. मी पुण्यात एका बँकेत अधिकारी आहे. आमच्या शाखेमागच्या गल्लीत एका काकूंची खानावळ आहे. सुट्टीच्या शनिवारी मी तिथे आधी जेवायला जायचो, मग भाजी चिरू लागायला, मग कढईपाशी उभं राहायला. दसऱ्याच्या सुमारास काकूंनी गुडघे पुढे करून सरळ विचारलं, "मला आता उभं राहवत नाही. तू घेतोस का? नाहीतर कुलूप लावते. दिवाळी झाली की सांग." त्या रात्री मला झोप आली नाही, आणि ती काळजीने नव्हे, आनंदाने. पल्लवीला, म्हणजे बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "घे. माझी नोकरी आहे ना, वर्षभर बघू." मला वाटलं, जग जिंकलं. मग नागपूरच्या गाडीत वर्धा मागे पडल्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "घरी यातलं काही बोलू नकोस हं, संदेश. दिवाळी होऊ दे." मी बरं म्हणालो. त्या 'बरं'मध्ये काय काय गिळावं लागणार आहे याची मला कल्पना नव्हती.

मनीषनगर, धनतेरस

दारातच सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. "या जी, बसा," म्हणाल्या. मी सोफ्यावर बसलो. सासरे, ज्यांना मीही बाबाच म्हणतो, समोरच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी टीव्ही लावला. पल्लवी चपला काढता काढताच स्वयंपाकघरात शिरली, आणि आतून एकदम आवाज आला, "अवं पिंकी, किती वाळली वं तू!"

पिंकी! लग्नाला सहा महिने होत आले आणि माझी बायको पिंकी आहे हे मला माहीत नव्हतं. पुण्यात ती ऑफिसात माणसं निवडते आणि तोलून मापून बोलते. इथे आत गेल्याबरोबर तिची भाषा बदलली, आवाज मोठा झाला, हसणं बदललं. "आई, मले भूक लागून राहिली ना!" हे मी भिंतीआडून ऐकलं. पुण्यात मला ती संदेश म्हणते, अरे-तुरे करते. मनीषनगरात मी 'हे' झालो. "यांना चहा दे", "यांना तिखट चालतं". मी समोर बसलेलो असताना माझ्याबद्दल तिसऱ्याच माणसासारखं बोलणं चाललं होतं.

आणि खाणं! चिवडा, शंकरपाळे, अनारसे, मग चहा, चहानंतर पुन्हा चिवडा. आमच्याकडे 'नको' म्हटलं की वाढणारा हात थांबतो. इथे 'नको' हा आग्रहाचा पहिला टप्पा आहे. दुसऱ्यांदा नको म्हणालो तर सासूबाईंचा चेहरा पडला. तिसऱ्यांदा मी मुकाट्याने खाल्लं.

रिकामी प्लेट घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. खरं तर मला आत काय शिजतंय ते बघायचं होतं. कोथिंबिरीचा, भाजलेल्या खसखशीचा आणि खोबऱ्याचा असा काही वास येत होता की पाय आपोआप वळले. उंबऱ्याशी पोचलो नाही तोच सासूबाई हां हां करत आल्या आणि प्लेट जवळजवळ हिसकावूनच घेतली.

"अजी, तुम्ही कायले उठले? आवाज द्या ना!"

"काही मदत..."

"मदत?" त्या अशा हसल्या की मी एखादा फार चांगला विनोद केला असावा. आत पिंकीही हसली. मी परत येऊन कोपऱ्यात बसलो. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवून दिला, माझ्या सोयीसाठी.

सीताबर्डी

नरकचतुर्दशीला आमच्याकडे पहाटे तुळशीपाशी कारीट फोडतात. डाव्या पायाच्या अंगठ्याने ते कडू फळ चिरडायचं, त्यातलं जिभेला लावायचं आणि मग गोडाला हात लावायचा. मनीषनगरात कारीट कुठून असणार? उटणं होतं, सुगंधी तेल होतं, नवा टॉवेल होता. मी आंघोळ करून बाहेर आलो आणि उगाचच अंगठा फरशीवर दाबला. आई आणि भाऊ कुडाळला पाच तऱ्हेचे पोहे खात असतील असं मनात आलं, आणि फोन करायला गच्चीवर गेलो. आई म्हणाली, "काय रे, बरो आसस मा?" बरा आहे म्हणालो. तिला काय सांगणार, की मी इथे खूप खातोय आणि उपाशी आहे?

दुपारी बाबा मला सीताबर्डीला घेऊन गेले. मेट्रोत ते अभिमानाने खिडकीकडची जागा मला देऊन स्वतः उभे राहिले. व्हरायटी चौकात दिवाळीची गर्दी म्हणजे मुंगीला शिरायला वाव नव्हता. कपडे, दिवे, मोबाइलची कव्हरं, त्यातून बाबा माझं मनगट धरून चालत होते. मध्ये एका गाडीवर त्यांनी तर्री पोहे खाऊ घातले. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात. पोहे म्हणजे आमच्याकडे सोज्वळ पदार्थ. हे पोहे माझ्या डोळ्यांतून पाणी काढून शांत झाले. बाबा खुशीत आले. "कसे वाटले? झोंबले ना?" म्हणाले, आणि पहिल्यांदा माझ्याशी मोकळेपणाने बोलायला लागले.

"मी जिंदगीभर सरकारी ऑफिसात बाबूगिरी केली," ते म्हणाले. "बँकेचा ऑफिसर आमच्याकडे आला की साहेब उठून उभे राहत. मी त्याची खुर्ची पुसून देत होतो. तवाच ठरवलं होतं, पिंकीले असा नवरा पाहायचा."

माझा घास तोंडातच राहिला. सांगून टाकावं असं वाटलं. इतका चांगला माणूस, इतका जवळ उभा आहे, हातात पोह्यांची प्लेट आहे, आताच सांगावं. पण पल्लवीला शब्द दिला होता. मी मूग गिळून बसलो.

त्यानंतर बाबा मला चामड्याच्या बॅगांच्या दुकानात घेऊन गेले. दिवाळसणाला सूटपीस ते देणारच होते, पण ऑफिसरच्या हातात बॅग हवी असं त्यांचं म्हणणं. एक काळी, कडक, दोन कप्प्यांची बॅग त्यांनी निवडली आणि मला ती घेऊन दुकानात चालून दाखवायला लावलं. मी चाललो. दुकानदारही "वा साहेब" म्हणाला. परत येताना एका किराण्याच्या दुकानात बाबा थांबले, तेवढ्यात मी गुपचूप एक नारळ आणि तांदळाची पिठी घेतली. का घेतली हे तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

संध्याकाळी आम्ही दोघांनीच फुटाळा तलावावर जायचं असं पल्लवीने पुण्यातच ठरवलं होतं. निघेपर्यंत तिच्या शाळेतल्या तीन मैत्रिणी येऊन थडकल्या आणि सगळेच गेलो. तलावाच्या काठावर त्या चौघी कुठल्याशा मास्तरांच्या नकला करत लोटपोट हसत होत्या. मी कणीस खात पाण्याकडे बघत होतो. एकदा पल्लवीने मागे वळून विचारलं, "बोअर होतंय?" मी नाही म्हणालो. ती परत वळली. मला इतकं एकटं वाटलं की कणसाला मीठ लावलंय की नाही तेही कळेना. लग्नाआधी मी पुण्यात सात वर्षं एकट्याने काढली, तेव्हा असं कधी झालं नव्हतं.

पाडवा

लक्ष्मीपूजन झालं. दिवसभर मी सोफ्यावर बसून वासावरून पदार्थ ओळखत होतो. बेसन घोटल्याचा वास आला की पाटवड्या. मसाला भाजताना ठसका लागला की त्यांचा रस्सा. बेसन घोटताना गाठी होऊ नयेत म्हणून सासूबाई काय करतात, हे विचारायला मी मरत होतो. खरं सांगतो, बँकेत आठ वर्षांत एकही प्रश्न मला इतका विचारावासा वाटला नाही.

पाडव्याच्या पहाटे जाग आली. फटाके फोडून, जागून सगळं घर गाढ झोपलेलं. स्वयंपाकघर मोकळं होतं. मी आत गेलो, आणि पहिल्यांदाच त्या घरात मला श्वास नीट घेता आला.

घावणे करायचे ठरवले. तांदळाच्या पिठीचे पातळ, जाळीदार घावणे आणि गूळ घातलेला नारळाचा रस, आमच्याकडचा सणाचा नाश्ता. खोवणी नव्हती, सुरीने खोबरं काढलं. पहिला घावणा तव्याला असा चिकटला की खरवडून काढावा लागला. दुसरा जमला. तिसऱ्याला जाळी सुटली, कडा उचलल्या गेल्या, आणि मी गुणगुणायला लागलो. सगळे उठतील, खातील, बाबा विचारतील कुठे शिकलात, आणि मग आपोआप विषय निघेल, असा माझा बेत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पल्लवीची आत्या, म्हणजे बाबांची बहीण, जवळच बेसा भागात राहते. पाडव्याचा स्वयंपाक करू लागायला ती सकाळीच येणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मिक्सरच्या आवाजात दाराची घंटाही ऐकू आली नाही. मागे वळलो तर दारात सासूबाई, अंगावर शाल, आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावणारी आत्या.

"अवं माय!" आत्या म्हणाली. "वहिनी, दिवाळसणाच्या जावयाले गॅसपाशी उभं केलं काहून?"

सासूबाई पांढऱ्या पडल्या. माझ्या हातातल्या उलथण्याकडे बघत म्हणाल्या, "मी काय मेली होती का जी?"

मी म्हणालो, "आई, मला आवडतं म्हणून केलं. तुम्ही चाखून तर बघा."

"आमच्यात काही कमी पडलं असन तर सांगायचं होतं. असं नणंदेसमोर..."  डोळ्यांना पदर लावून त्या आत निघून गेल्या. आत्याने माझ्या हातातलं उलथणं काढून घेतलं आणि गॅस बंद केला. तव्यावरचा घावणा अर्धाच भाजलेला होता.

खोलीत पल्लवीने दार लोटून घेतलं. "कशाला केलंस हे?"

"सगळ्यांना खाऊ घालावं म्हणून."

"तुला कौतुक हवं होतं."

"मला काम हवं होतं, पल्लवी. मी इथे बसून बसून वेडा झालोय. तू तर माझ्याशी बोलतही नाहीस."

 ती हळू म्हणाली, "इथं नको म्हटलं होतं मी. एवढी एकच गोष्ट मागितली होती." आणि ती आईकडे गेली. तिला जाणं भागच होतं, पण माझा धीर तिथे सुटला. मला वाटलं, पुण्यातलं ते 'घे' पुण्यातच राहिलं. मी परतल्यावर काकूंना नाही म्हणून सांगायचं मनाशी ठरवून टाकलं.

घावणे कुणीच खाल्ले नाहीत. मी बाल्कनीत उभा राहून त्यातले चार गार घावणे खाल्ले. मऊ होते.

दुपारी पाट मांडला, रांगोळी काढली, पल्लवीने मला ओवाळलं. माझ्याकडे न बघता. सासूबाईंनी सुजलेल्या डोळ्यांनी पुरणपोळीवर तूप ओतलं. बाबांनी बॅग माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "पुढच्या दिवाळीपर्यंत मॅनेजर व्हा." मी वाकून नमस्कार केला.

भाऊबीज

आत्या भावाला ओवाळायला आली ती संत्र्यांची पिशवी घेऊन. बाबांनी तिला बॅग आणून दाखवली, चामडं दाबून बघायला लावलं. ती बॅगचं कौतुक करून माझ्याकडे वळली आणि मिश्कीलपणे म्हणाली, "काय जावई, आज नाश्त्याले काय बनवून राहिले? आम्ही उपाशी आलो ना!"

बाबा हसले. मीही हसलो, जावयाला हसावंच लागतं. सासूबाईंचा हात मात्र ताटात कुंकू कालवता कालवता थांबला. स्वयंपाकघराच्या दारात पल्लवी उभी होती. तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या चार दिवसांत ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत होती.

"बनवतीन ते, आत्या," ती म्हणाली. "रोज बनवतीन. नोकरी सोडून राहिले ते. खानावळ चालवणार आहेत."

आत्याला वाटलं थट्टा आहे. "हो का वं!"

"मजाक नाही करून राहिली मी. बाबा, यांनी मले दसऱ्यालेच सांगितलं. मीच म्हटलं घ्या म्हणून. आणि मीच म्हटलं घरी सांगू नका. मले तुमची भीती वाटली."

 बाबांनी टीव्ही बंद केला. मला वाटलं ते ओरडतील, पण ते बॅगेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आचारी?" एवढाच शब्द.  ते उठून बाल्कनीत गेले आणि पाठ करून उभे राहिले. आत्याने ओवाळणीचं ताट झाकून ठेवलं आणि त्यांच्यामागे गेली. सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या.

पल्लवी त्यांच्यामागे जाईल असं मला वाटलं. ती गेली नाही. हॉलमध्ये आली आणि सोफ्याच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात, माझ्या जागेवर, बसली. मी उभाच होतो.

आतून हाक आली. पिंकीला नाही. "जावई, जरा इकडे या."

ज्या हाकेची मी चार दिवस वाट बघत होतो ती अशी आली. आत ताटात बेसन थापून ठेवलेलं होतं. सासूबाईंनी सुरी माझ्या हातात दिली. "वड्या पाडता येतात?"

"येतात."

"पाडा मग." त्या रश्शाकडे वळल्या. बराच वेळ ढवळत राहिल्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "बेसन ओतताना पाणी उकळत पाहिजे. अन् हात थांबला नाही पाहिजे. तवा गाठी होत नाहीत." मी विचारलंही नव्हतं. डब्यातलं तूप काढायला मी फ्रीज उघडला, तर पाडव्याचा नारळाचा रस तसाच झाकून ठेवलेला होता. अर्धा संपलेला. कुणी प्यायला ते मी विचारलं नाही.

मी तिरक्या रेघा ओढत वड्या पाडत होतो आणि सहज दाराबाहेर लक्ष गेलं. स्वयंपाकघरातून तो सोफा कसा दिसतो हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. खिडकीच्या उजेडात पल्लवी बसली होती, हात मांडीत, पाठ ताठ. बाल्कनीत बाबांची पाठ. बंद टीव्ही. तिच्या स्वतःच्या घरात तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. मी चार दिवस स्वतःची कीव करत होतो, पण मला परत जायला कुडाळ होतं. ती आज जे बोलली, त्याने तिचं मनीषनगर किती दिवसांसाठी गेलं, कुणाला ठाऊक.

मी सुरी खाली ठेवली. "आई, मी आलो," म्हणालो. त्यांनी मान हलवली. उरलेल्या वड्या त्यांनीच पाडल्या.

मी जाऊन सोफ्यावर तिच्या शेजारी बसलो. ती म्हणाली, "आत का नाही थांबलास? तुला जायचं होतं ना."  थोड्या वेळाने सासूबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात दोन प्लेटी होत्या, गरम वड्या आणि वाटीत रस्सा. एक माझ्यासमोर ठेवली, एक तिच्यासमोर, आणि परत आत गेल्या.

पल्लवी प्लेटकडे बघत राहिली. "आईनं मला कधी असं बाहेर आणून दिलं नाही रे," ती म्हणाली. "मी नेहमी आतच खायचे, ओट्यापाशी उभी राहून." आणि ती रडायला लागली, आवाज न करता, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून. मी तिची प्लेट उचलून हातात धरून ठेवली, ती थांबेपर्यंत.